दृष्टीचं मीठ

आमच्या मनूची आंघोळ म्हणजे घरातला रोजचा सोहळा, आणि त्या सोहळ्याच्या मालकीण माझ्या सासूबाई. सकाळची गडबड ओसरली की आई न्हाणीघरात पाटावर बसायच्या, पातळ गुडघ्यापर्यंत वर खोचायच्या, दोन्ही पाय सरळ लांब करायच्या आणि हाक मारायच्या, "आणा माझी राणी!" मी मनूला त्यांच्या नडग्यांवर पालथी ठेवायचे. मग तिळाचं तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग एका हातानं मान सांभाळत दुसऱ्या हातानं लोटी लोटी कोमट पाणी. मनू आधी किंचाळायची, आणि पाणी पाठीवरून वाहायला लागलं की एकदम गप्प होऊन त्याचा आवाज ऐकत राहायची.

माझं काम टॉवेल घेऊन उभं राहण्याचं. तेही चपला घालून. बाळंतिणीनं गार फरशीला पाय टेकवायचा नाही, हा आईंचा कायदा. मनू रांगायला लागली, खिडकीचे गज धरून उभी राहायला बघायला लागली, तरी त्यांच्या लेखी मी अजून बाळंतीणच होते. मी मनातल्या मनात हसायचे आणि चपला घालायचे.

दिवाळीनंतर थंडी पडली, गीझर सुरू झाला आणि आई म्हणायला लागल्या की उजव्या हाताला झिणझिण्या येतात.

"नळाला हात लावला की येतात बघ. बोटापासून पार कोपरापर्यंत."

"शुगर असेल," हर्षल जेवता जेवता म्हणाला. हर्षल माझा नवरा. देडतलाईच्या शाळेत शिकवतो, तिथून थकून येतो आणि घरातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं घासाबरोबर देतो. "सुरेशकाकांना नाही का, तळपायाला मुंग्या यायच्या?"

"मला तळपायाला नाही येत. नळाला हात लावल्यावरच येतात."

"मग गार पाण्यानं."

"गरम पाण्याच्याच नळाला होतं ना रे."

"मग गरम पाण्यानं," हर्षल म्हणाला आणि त्यानं अजून एक पोळी घेतली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. शुगर काठावर निघाली. गोळ्या आल्या आणि गोड बंद झालं. इतवाऱ्याच्या बाजारात भाजीला गेलो की मावा जिलेबीच्या दुकानासमोर आई मान दुसरीकडे वळवायच्या, जशी काही जुनी मैत्रीण दिसली आहे पण सध्या बोलणं बंद आहे.

झिणझिण्या मात्र गेल्या नाहीत. आणि एक दिवस आई पाटावर बसल्याच नाहीत.

"आजपासून तू घाल आंघोळ," त्या मला म्हणाल्या. "तुझं लेकरू आहे, तुला सवय पाहिजे."

"आई, मला संक्रांतीनंतर शाळेत शिकवायला जायचंय. मग तुम्हीच घालणार ना?"

"बाई बघू एखादी. आंघोळीला, सांभाळायला. वर्षा, जवान बाई बघ, हातात जोर असलेली."

मला काही उमजेना. ज्या बाईनं मनूचा लंगोटसुद्धा कधी दुसऱ्याला धुऊ दिला नाही, ती आता परक्या बाईच्या हाती नात द्यायला निघाली होती. दिवसभर मनू रांगत त्यांच्याकडे जायची, पातळाला धरून उभी राहायची, दोन्ही हात वर करायची. आणि आई तिच्याशी बोलायच्या, टाळ्या वाजवायच्या, पण उचलायच्या नाहीत. "जा, मम्मीकडे जा, माझी बाय ती." मनू थोडा वेळ हात वर धरून वाट पाहायची. मग धपकन बसायची.

दोन-तीन दिवसांनी मी दुपारी स्वयंपाकघरात गेले तर आई दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या हातात कणकेची पिशवी होती, नवी, न फोडलेली. ती त्यांनी मनूला धरतात तशी खांद्याशी धरली होती. उजवा हात खाली, डावा मानेशी. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चालत गेल्या, वळल्या, परत आल्या. मग उजवा हात काढून घेऊन बघितला, परत लावला.

मी दिसल्यावर पिशवी गप्पकन ओट्यावर ठेवली.

"काबरं आलीस?"

"आई, काय करताय?"

"काही नाही. कणीक चाळायची होती." मग पदरानं तोंड पुसत हळूच म्हणाल्या, "हा हात आता भरवशाचा नाही राहिला गं. त्या दिवशी तिच्या अंगावर साबण होता, मी नळ बंद करायला हात लावला आणि असा झटका आला की लोटी सुटली. लोटीच सुटली, नशीब. तिच्या जागी..." त्यांनी पिशवी मागं सारली. "तू बाई बघ. माझ्यावर नको राहू."

मी त्यांचा हात हातात घेतला. हळदीनं पिवळी पडलेली नखं, अंगठ्याजवळ जुन्या भाजल्याचा डाग. या हातानं माझ्या बाळंतपणात मला अळिवाची खीर भरवली होती. त्याला काही झालं असेल, तो असाच एकेक बोटानं निघून जाणार असेल, हा विचार मला सहन होईना. हर्षलला सांगून इंदूरला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मनूला तेल लावून झालं होतं. इतके दिवस मी तिला चपला घालून, टबात बसवून आंघोळ घालत होते; त्या दिवशी आईंसारखं पाटावर बसायचं म्हणून मी चपला दाराशी काढल्या, पाय लांब केले, मनूला हर्षलनं माझ्या नडग्यांवर ठेवायचं असं ठरलं. तिला घेऊन तो दारात उभा होता. बादली अजून भरली नव्हती. मी ओल्या हातानं गरम पाण्याचा नळ सोडायला गेले.

आणि बोटापासून पार कोपरापर्यंत.

मुंग्या नव्हेत त्या. मुंग्या मला ठाऊक आहेत. हे आत शिरून हाडाला हात लावून गेलं.

"पुढं येऊ नको!" मी ओरडले. "तिला घेऊन बाहेर जा. मेन बंद कर. आधी मेन बंद कर, हर्षल!"

तो पळाला. घरातला पंखा, फ्रिज, शेजारच्या खोलीतला टीव्ही, सगळं एकदम गप्प झालं आणि त्या शांततेत पलीकडच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा खडखडाट ऐकू यायला लागला. मी ओल्या फरशीवर अनवाणी बसून होते. मला रडू येत होतं आणि हसूही. झिणझिण्या शुगरच्या नव्हत्या. आईंच्या हाताला काहीही झालं नव्हतं. या घरात अनवाणी बसून तो नळ उघडणाऱ्या त्या एकट्याच होत्या, एवढंच. हर्षल न्हाणीघरात चपला घालूनच जायचा, आणि मी त्यांच्याच धाकानं चपलांत.

बाहेर येऊन मी हे सांगितलं तेव्हा हर्षल मनूला छातीशी घट्ट धरून नुसता उभा राहिला. आई मात्र म्हणाल्या, "तुला पण आलं? तुझी पण शुगर बघून घे."

सुनील इलेक्ट्रिशियन आला. त्यानं टेस्टर लावला, भुवया चढवल्या, आणि बोलायला लागला. सुनीलचं बोलणं त्याच्या वायरींसारखं, मराठीतून निघून हिंदीत कुठं जोडलं जाईल सांगता येत नाही.

"गीझरची कॉइल गळतेय, भाभी. पर वो तो होता रहता है. गळाला तरी करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे ना? तुमच्याकडे जातच नाहीये. अर्थिंग ही गई है. मग तो बिचारा नळात येऊन बसला. कुणी हात लावला की त्याच्यातून जमिनीत." मग मनूकडे बघून त्यानं हळू आवाजात म्हटलं, "भगवान का शुक्र मनाओ."

मी मानलाच. त्या दिवसापासून रोज मानते आहे.

आता प्रश्न असा की अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? हे घर माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. जन्म त्यांचा इकडच्या कागदाच्या कारखान्यात वीज विभागात गेला. निवृत्त झाल्यावर महाराष्ट्रात परत न जाता इथंच जागा घेतली, आणि घरातली प्रत्येक वायर स्वतः ओढली. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना फोटोतच पाहिलं आहे. खड्डा कुठं, हे विचारायला कुणी नव्हतं.

"मीटरच्या खाली असेल," हर्षल म्हणाला. तिथं खणलं. विटांचे तुकडे निघाले.

"मग पेरूजवळ." तिथं पेरूची मुळं निघाली.

मनूला मांडीवर घेऊन आई अंगणातल्या ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर घेतलं होतं, पण हात दोन्ही बाजूंना टेकून, धरलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ दम धरला आणि मग म्हणाल्या, "अरे, तिथं काय उकरताय? तुळशीच्या मागं, कंपाउंडच्या कोपऱ्यात बघा ना. पांढरं पडलंय तिथं."

आम्ही बघितलं. खरंच. बाकी सगळीकडे गवत, आणि तेवढ्याच हातभर जागेत काही नाही. माती चिकट, काळपट, आणि तिच्यावर पांढरी साय धरल्यासारखी.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मला नाही तर कुणाला? दृष्टीचं मीठ मी तिथंच तर टाकते."

सुनीलची कुदळ थांबली.

हे मला सांगायलाच हवं. आई दिवेलागणीला मनूची दृष्ट काढतात. मुठीत मीठ आणि मोहऱ्या, तिच्यावरून ओवाळायच्या, ओठातल्या ओठात काही पुटपुटायचं, आणि ते मीठ फुलपात्रातल्या पाण्यात विरघळवून कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ओतायचं. पूर्वी चुलीत टाकत. गॅसवर टाकलं तर मोहऱ्या डोळ्यात उडतात. कुठं ओततात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सुनील सांभाळून खणू लागला. विटांनी बांधलेला चौकोन लागला, आणि त्याच्यात वरून खाली गेलेली पट्टी. ती तांब्याची आहे हे सांगावं लागलं असतं. हिरवी, फुगलेली, ठिकठिकाणी निळसर भुकटी सुटलेली. सुनीलनं बोटानं जरा हलवली तर तिथंच तुटून हातात आली, जुनं बिस्किट तुटावं तशी. तुटलेल्या जागी मधोमध तांब्याचा लाल धागा तेवढा उरला होता, दोऱ्याएवढा.

मी तो तुकडा तळहातावर घेतला. तांबं असं सहजासहजी मातीत मरत नाही. दहावीच्या वर्गात मी हे शिकवते. शेतं नांगरताना शेकडो वर्षांपूर्वीचे ताम्रपट वर येतात, अक्षरांसकट. तांबं आधी काळवंडतं, मग हिरवं होतं, आणि ती हिरवी साल अंगावर घट्ट ओढून आत स्वतःला जपत बसतं. पण खारं पाणी त्या सालीच्या खाली शिरतं. साल सुटते, पुन्हा उघडं तांबं, पुन्हा ओल, पुन्हा हवा, आणि तोच फेरा चालू राहतो. वरच्या हातभर मातीत, जिथं आज ओलं आणि उद्या कोरडं, तिथं तर ते सगळ्यात जास्त खाल्लं जातं. फळ्यावर हे सगळं दोन ओळींत मावतं.

"इतना नमक!" सुनील म्हणाला. "थोडं तर आम्हीपण टाकतो, कोळशाबरोबर, ओल धरायला. पण हे... किसने डाला इतना?"

"मीच की," आई म्हणाल्या. "हे सांगून गेले होते, उन्हाळ्यात त्या खड्ड्याला पाणी घालत जा, तो कोरडा पडला तर घराचं काही खरं नाही. आणि खड्डा भरला तेव्हा ह्यांनीच अर्धं पोतं मीठ ओतलं होतं त्याच्यात, माझ्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, त्याला मीठ लागतं. मग दृष्टीचं मीठ दुसरीकडं कशाला वाया घालवायचं? ह्याच्या बारावीला घातलं. ह्याच्या नोकरीला. तू लग्न होऊन आलीस तेव्हा उंबऱ्यातच काढली होती, ते. तुला दिवस गेले तेव्हा तर सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा."

मी त्या पांढऱ्या मातीकडे बघत होते. हर्षलची परीक्षा तिथं होती. माझं लग्न होतं. मनू पोटात असताना मला रक्तदाबानं झोपवून ठेवलं होतं, ते सगळे दिवस होते. या घराला वाटलेली एकूण एक काळजी त्या कोपऱ्यात ओतलेली होती, पाण्यात विरघळवून. मोहऱ्या तिथं कधी उगवल्या नाहीत. मिठानं उगवू दिल्या नाहीत.

आणि मग आईंच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा मी बघत होते म्हणून मला दिसलं. आधी त्या सुनीलकडे बघत होत्या, मग माझ्या तळहातावरच्या हिरव्या तुकड्याकडे, मग मांडीवरच्या मनूकडे.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "जिची दृष्ट काढायची, तिच्याच..."

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

"आई, ऐका. मीठ बाबांनी पण घातलं होतं, तुम्ही पण घातलंत. पट्टी कधी ना कधी जाणारच होती. पण ती गेली हे सांगितलं कुणी? टेस्टर नव्हता आपल्याकडे. डॉक्टरांना नाही कळलं, तुमच्या लेकाला नाही कळलं, विज्ञान शिकवते म्हणून मी मिरवते, मलाही नाही. घरात एकच जण खरं सांगत होतं. हा हात. रोज सांगत होता. नळाला लावला की होतं, नळाला लावला की होतं. आणि ज्या दिवशी त्याला जास्त लागलं, त्या दिवशी तुम्ही मनूला तिथून उचललंत आणि परत नेली नाहीत."

मला वाटलं, आई आता रडतील. पण त्यांनी उजवा हात वर उचलला, मूठ मिटली, उघडली, उलटसुलट करून बघितली.

"म्हणजे हात माझा चांगला आहे?"

"एकदम."

"हातात काही नाही झालेलं?"

"काही नाही."

"मग ही शुगर नव्हतीच!" त्या हर्षलकडे वळल्या, आणि असा आवाज लागला की पेरूवरचा पोपट उडाला. "सांगत नव्हते मी? मीठ होतं ते, मीठ! आणि माझी जिलेबी बंद करून ठेवली मेल्यानं!"

हर्षलनं दोन्ही कान धरले. सुनील खड्ड्यात बसून हसत होता. मनूला काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तीही टाळ्या वाजवायला लागली, आणि आईंनी तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. घट्ट. मग तिच्या मानेत नाक खुपसून तशाच बसून राहिल्या.

दुपारपर्यंत सुनील खाली पोचला. तळाशी बाबांनी पुरलेली तांब्याची प्लेट होती. वर हिरवी, पण ठोकली तर खणखणीत. इतकं खाली मीठ पोचलं तरी हवा पोचत नाही, म्हणून ती वाचली होती. "प्लेट में तो दम है अभी," सुनील म्हणाला. "पट्टी तेवढी नवीन. आणि आता मीठ नाही, आता ही काळी पावडर मिळते, हिच्यातच ओल राहते. मेनपाशी पण एक बटण बसवतो, जरा कुठं गळती झाली की आपोआप पडेल."

"परत पुरायच्या आधी मला दे जरा," आई म्हणाल्या.

त्यांनी प्लेट अंगणात नळाखाली घेतली आणि भिजवलेल्या चिंचेनं घासायला बसल्या, देवाची भांडी घासतात तशा. हिरवं पाणी वाहून गेलं. थोड्या वेळानं एका कोपऱ्यात तांबं उजळलं, लालसर, नव्यासारखं. त्यावर खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं दिसली. 'अ' आणि 'शो'. बाबा अनंत आणि आई शोभा.

मी आणि हर्षल एकमेकांकडे बघत राहिलो. आई मात्र लाजल्या. चक्क लाजल्या. "काहीतरीच करायचे," म्हणाल्या, आणि अजून जोरात घासायला लागल्या. "हा डाग निघेना. वर्षा, जरा मीठ आण गं."

"नको!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

संध्याकाळी खड्डा बुजला, गीझर बदलला, दिवे लागले. सुनीलला चहा आणि पिशवीभर पेरू देऊन वाटेला लावलं. हर्षल इतवाऱ्यातून पुडा घेऊन आला आणि आईंनी एक जिलेबी, एकच, इतक्या हळूहळू खाल्ली की मनू त्यांच्या तोंडाकडे बघत झोपून गेली.

दिवेलागणीला त्या मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन उभ्या राहिल्या आणि थांबल्या. मला वाटलं, विचारतील, काढू की नको. त्यांनी तसं विचारलं नाही. म्हणाल्या, "आता हे टाकू कुठं?"

"बेसिनमध्ये. नळ सोडून. वाहून जाईल."

"चालतं तसं?"

"चालतं."

त्यांनी झोपलेल्या मनूची दृष्ट काढली. मग मूठ माझ्यावरून फिरवली, मी न मागता. तेव्हा मी त्यांच्या मुठीतलं मीठ काढून घेतलं. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हातात धरला आणि त्याच्यावरून ती मूठ ओवाळली. मला मंत्र येत नाही. ओठ नुसते हलवले.

"येडी," आई म्हणाल्या. पण हात काढून घेतला नाही.

सकाळी आई पाटावर बसल्या. पातळ वर खोचलं, पाय लांब केले. नळाकडे बघून जरा थबकल्या. दाराशी चपला काढून मी आत गेले, त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि नळावर हात ठेवला. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही मिळून नळ सोडला.

नुसतं गरम पाणी आलं.

"चपला घाल," आई म्हणाल्या. "गार लागेल. आणि आण माझी राणी."